शेठजींसोबतचा डोंगर

हसनाबादच्या बसस्टँडसमोरच्या कृषी सेवा केंद्राच्या परवान्यावर नाव भागवतचं आहे, पण दुकानात बसते त्याची बायको साधना. भागवतची पाठ धरते. त्याला फार वेळ बसवत नाही, आणि पोतं तर उचलायचंच नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. म्हणून कपाशीवर बोंडअळी पडली की लोक साधनालाच विचारायला येतात. ती केदारखेड्याची लेक. वडिलांच्या मळ्यात खुरपं चालवलेली, पाण्याच्या बाऱ्या दिलेली, लग्नानंतर दुकान अंगावर घेतलेली बाई. चालणं म्हणजे कुठंतरी कामाला जाणं, एवढंच तिला माहीत होतं. मजेसाठी चालायचं, तेही डोंगरावर, हे तिला चाळिशी उलटल्यावर परदेशात जाऊन कळलं. आणि ज्यांच्याबरोबर कळलं त्यांच्याशी ती तेव्हा बोलतसुद्धा नव्हती.

गेल्या सप्टेंबरात कीटकनाशकांच्या एका कंपनीनं चांगला खप असलेल्या दुकानदारांना जॉर्जियाला नेलं. नाव भागवतचं निघालं. विमानात इतका वेळ बसणं त्याला शक्य नव्हतं.

"तू जा," तो म्हणाला.

"येडे झाले का? इतक्या गड्यांमंदी एकटी बाई?"

"मेहनत तुझी हाय. मंग जायचं पण तूच."

मुलगी शालू संभाजीनगरला फार्मसी शिकते. तिनं आईला बूट घेऊन दिले, स्वेटर घेऊन दिला, मोबाईलमध्ये नकाशा कसा पाहायचा ते दाखवलं. साधना हो-नाही करत तयार झाली. मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभी राहिली आणि समोर पाहते तर गोपीकिशन शेठ.

जालन्याच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हे बियाण्याचे आणि कीटकनाशकांचे मोठे वितरक. हसनाबादपासून भोकरदनपर्यंत कितीतरी दुकानांत त्यांच्याच गोदामातला माल जायचा. भागवतच्या दुकानातही जायचा. दोन खरिपांपूर्वी त्यांच्याकडून आलेलं सोयाबीन साधनानं गावात विकलं, आणि ते उगवलं नाही. पाऊस बराबर झालेला, पेरणी बराबर झालेली, शेजारच्या शेतात दुसरं बी तरारून आलेलं. हे बी नेणाऱ्यांच्या तासांमध्ये, पेरलेल्या ओळींत, मात्र नुसती माती. कचरू नावाच्या शेतकऱ्यानं आणखी दोघांना बरोबर घेऊन तक्रार केली. पंचनामा झाला. बाकीचे दुकानदार गप्प बसले, कारण वितरकाशी वैर कोण घेणार? साधनानं जबाब दिला. पोती शेठजींच्या गोदामातून आली होती आणि त्यांच्या तोंडाची शिलाई दुसऱ्यांदा घातलेली दिसत होती, असं तिनं सांगितलं.

गोपीकिशन शेठला ते फार लागलं. भर मोंढ्यात ते म्हणाले, "ही बाई मला चोर ठरवून राह्यली." त्यांनी भागवतच्या दुकानाचा माल बंद केला. प्रकरण जालन्याच्या ग्राहक आयोगात गेलं. त्यात वितरकाबरोबर दुकानदारालाही सामनेवाला, म्हणजे प्रतिवादी, केलेलं असल्यामुळे साधनाच्याही डोक्यावर टांगती तलवार होतीच.

शेठजींबरोबर त्यांच्या पत्नी प्रेमबाई होत्या. साठी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. विमानात त्यांची जागा योगायोगानं साधनाच्या शेजारी आली. शेठजींनी मान वळवली ती वळवलीच. प्रेमबाईंनी मात्र डबा उघडून खाकरा पुढं केला. "घे बेटा. भांडण दुकानाचं आहे, पोटाचं थोडीच आहे?"

चौथ्या दिवशी सगळ्यांना डोंगरातल्या एका गावात नेलं. चहूबाजूंनी उंच हिरवे उतार, पाठीमागं बर्फाची शिखरं, आणि गावाच्या वर डोंगराच्या खांद्यावर एक जुनं दगडी चर्च. कंपनीचा माणूस राजानंद सगळ्यांची व्यवस्था पाहत होता. आधी जेवण, मग जीपनं वर चर्चपर्यंत, असा बेत होता. हॉटेलात मांस भाजल्याचा वास सुटला होता आणि बाटल्या उघडायला लागल्या होत्या.

"गाडीनं कशाला?" प्रेमबाई म्हणाल्या. "देवाच्या दारी पायी जावं. देव कोणाचाही असो."

त्यांचं माहेर जैन, सासर वैष्णव. माहेरच्या माणसांबरोबर त्या दोनदा शिखरजीचा डोंगर चढून आलेल्या होत्या. त्यांना ह्या चढाचं काहीच वाटत नव्हतं. राजानंदला त्यांनी एकटं जाऊ नये असं वाटलं. सगळ्या गटात दुसरी बाई एकच होती.

"साधनाताई, जाता का यांच्यासोबत? वाट मळलेली आहे, गावातले लोक रोज जातात. वर आम्ही जीप घेऊन येतोच, उतरताना गाडीत."

साधनाला त्या बाटल्यांजवळ बसायचं नव्हतंच. ती उठली. दोघी बाहेर पडल्या आणि मागून बुटांचा आवाज आला. गोपीकिशन शेठ येत होते. बायकोला ह्या बाईबरोबर एकटं सोडायचं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"अहो, तुमचं जेवण?" प्रेमबाईंनी विचारलं.

"त्या वासात घास उतरणार न्हाई. आल्यावर खाऊ."

"गोळी घेतली का?"

"घेतली."

सुरुवातीला सगळं छान होतं. गावाच्या मागून निघालेली पायवाट झाडीतून वर जात होती. झाडांच्या खोडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले होते, चालणाऱ्यांना वाट कळावी म्हणून. पुढं झाडी डाव्या हाताला राहिली आणि मोकळा गवताळ चढ लागला. साधनाच्या छातीत धाप भरली, पिंडऱ्या ओढायला लागल्या; पण थांबून मागं पाहिलं की खालचं गाव लहान होत गेलेलं दिसायचं आणि तिला हसू यायचं. इतकं चाललो आणि डोक्यावर ओझं नाही, हातात विळा नाही! प्रेमबाई सगळ्यांच्या पुढं, हलक्या पायांनी. शेठजी सगळ्यांत मागं. ते दर वळणावर थांबत होते, पण थकलो असं म्हणत नव्हते.

वर पोहोचले तेव्हा चर्चला कुलूप होतं. आवारात कोणी नव्हतं. प्रेमबाईंनी बाहेरूनच हात जोडले. तिघं भिंतीच्या आडोशाला बसून जीपची वाट पाहू लागली. वारा गार होता. साधना एका टोकाला, शेठजी दुसऱ्या टोकाला.

मग खालच्या दरीतून धुकं वर यायला लागलं. आधी गाव गेलं, मग गाड्यांचा रस्ता गेला, मग समोरचा उतार गेला. बसल्या जागेवरून चर्चचं दारसुद्धा दिसेना. शेठजींचा मोबाईल वाजला. राजानंद होता. आवाज तुटत होता.

"शेठजी, ड्रायव्हर लोक धुक्यात गाड्या काढायला तयार नाहीत... किती वेळ लागेल सांगता येत नाही... आलात तसे सावकाश उतरून..."

पुढं आवाज बंद. परत लावला तर रेंज गेलेली. साधनाच्या मोबाईलवरचा नकाशाही उघडेना.

"चला," शेठजी उठले. "इथं गारठून मरायचं का?"

"थांबलं तर?" साधना पहिल्यांदाच त्यांच्याकडं पाहून बोलली. "धुकं उठल."

"आणि न्हाई उठलं तर?"

 तिघं उतरू लागली. पायाखालची वाट तेवढी दिसत होती. गवत ओलं झालेलं, बूट घसरत होते.  बरंच उतरल्यावर एका मोठ्या खडकाजवळ वाट फुटली. एक फाटा उजवीकडं आडवा जात होता, दुसरा डावीकडं सरळ खाली.

"उजवीकडं," साधना म्हणाली. "येताना झाडं डाव्या हाताला होती. आता उजव्या हाताला पायजे."

"उतरायचं आहे आपल्याला. ही वाट उतरून राह्यली. ती आडवी चालली, डोंगराला वळसा घालायला."

"शेठजी, मी बघितलंय—"

"तुम्ही लई बघता!" शेठजींचा आवाज एकदम चढला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण साधनाला वाटलं, रागानंच. "शिलाई बघता, पोती बघता. माझ्या बापानं दुकान टाकलं तेव्हापासून मोंढ्यात कोणी आमच्याकडं बोट दाखवलं न्हाई. तुमच्या एका जबाबानं माझं नाव मातीत गेलं."

"माती तर कचरूच्या वावरात राह्यली, शेठजी. बी उगवलं न्हाई ते त्याचं. मी दिसलं ते सांगितलं."

"अहो, बस करा दोघं," प्रेमबाई मध्ये आल्या. "ही जागा आहे का?"

"प्रेमा, चल." शेठजी डाव्या वाटेला लागले.

प्रेमबाई थबकल्या. त्यांनी साधनाकडं पाहिलं, मग धुक्यात चाललेल्या नवऱ्याच्या पाठीकडं. "यांना एकटं कसं सोडू?" असं म्हणाल्या आणि त्यांच्या मागं गेल्या.

"जा मंग तुमच्या वाटेनं," साधना म्हणाली. ऐकायला तिथं कोणी उरलं नव्हतं.

ती उजवीकडं वळली. रागानं पाय भराभर पडत होते. आपल्याच श्वासाचा आवाज तिला मोठा वाटत होता. थोड्या अंतरावर धुक्यात काहीतरी काळं उभं दिसलं. जवळ गेली तर झाड. खोडावर लाल-पांढरा पट्टा.

वाट बराबर होती. तिला आधी झाला तो आनंद. आपण खरे ठरलो, तो म्हातारा खोटा ठरला. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. आपण बराबर आहोत, म्हणजे ते दोघं चुकलेत.

ती खोडाला हात लावून उभी राहिली. समोर पट्टे होते. एकेक पट्टा धरत गेलं की गाव. खाली जाऊन राजानंदला सांगायचं, माणसं पाठवायची. हेच शहाणपणाचं होतं. पण माणसं वर येईपर्यंत दिवस मावळणार. आणि शेठजींचा तो पांढरा चेहरा आता तिला निराळाच दिसायला लागला. खडकापाशी बोलताना त्यांचे हात थरथरत होते. राग आलेल्या माणसाचे हातही थरथरतात. पण घाम? इतक्या गारठ्यात त्यांच्या कपाळावर घाम होता.

रोज सकाळी ते चहा बिनसाखरेचाच मागायचे, आणि आज गोळी घेऊन न जेवता निघाले होते. शालूच्या तोंडून तिनं ऐकलं होतं. साखरेच्या आजाराची गोळी घेऊन माणूस उपाशी राहिला की काय होतं ते.

"देवा रे," ती म्हणाली आणि परत फिरली.

खडक सापडला. डावी वाट सुरुवातीला चांगली रुंद होती, मग बारीक होत गेली, मग नुसत्या मेंढरांच्या पायवाटा राहिल्या, इकडं एक, तिकडं एक. उतार वाढला. ती बसून, हातांनी गवत धरून खाली सरकू लागली.

"काकू! ओ काकू!"

धुक्यात आवाज जात नव्हता. हाक मारायची, थांबायचं, ऐकायचं. काही नाही. पुन्हा सरकायचं. एकदा पायाखालचा दगड निसटला आणि खाली गेला. तो कुठं थांबतो ते ऐकायला ती श्वास रोखून बसली. तो थांबल्याचं ऐकूच आलं नाही. तिथून पुढं पाऊल टाकायला तिचे पाय तयार होईनात. भागवत डोळ्यांसमोर आला, शालू आली. कोणासाठी करून राह्यले मी हे? ज्यानं दुकानाचा माल तोडला त्याच्यासाठी?

"साधना!"

आवाज बारीक होता, पण खालून नव्हता. उजव्या अंगाला होता. ती आडवी सरकत गेली.

शेठजी एका खोलगट जागेत गवतात बसले होते. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. डोळे उघडे होते, पण ते कशाकडंच बघत नव्हते. प्रेमबाई त्यांना दोन्ही हातांनी धरून होत्या. तोंडानं काही पुटपुटत होत्या, बहुतेक नवकार मंत्र.

"मला ओळखेनात, बेटा," त्या म्हणाल्या. "चालता चालता बसले. काय काय बोलून राहिले."

"साखर पडली काकू. काही गोड हाय का जवळ?"

"यांच्यामुळं मी गोड जवळ ठेवतच नाही ना!"

शेठजी एकदम बोलले, मोठ्यानं, कामावर हुकूम सोडल्यासारखं. "नमन! ताडपत्री घाल. पोती भिजली सगळी. वरची काढ... वरची पोती काढ... शिवून घे परत, कोणी बघायच्या आत. वाळल, वाळल बी..."

नमन त्यांचा मुलगा.

साधना गुडघ्यांवर बसली होती ती तशीच राहिली. तिनं प्रेमबाईंकडं पाहिलं. प्रेमबाईंनी मान खाली घातली. त्यांनीही ऐकलं होतं, आणि त्यांना अर्थही कळला होता. दोन वर्षं साधना ज्या एका वाक्यासाठी खोटारडी ठरत आली होती, ते वाक्य ह्या माणसाच्या तोंडून बाहेर पडलं होतं, आणि तो माणूस शुद्धीवर नव्हता.

शेठजी परत बडबडले. ह्या वेळी शब्द लागले नाहीत. ओठ निळसर दिसत होते.

साधनानं खांद्याची पर्स गवतावर उपडी केली. मोबाईल, रुमाल, कंगवा, हॉटेलच्या खोलीचं कार्ड. आणि चहाच्या टेबलावरून उचललेल्या साखरेच्या बारक्या पुड्या. हसनाबादला कोणी आलं तर चहाबरोबर ठेवू, परदेशातली साखर म्हणून. रोज सकाळी कोणी बघत नाही असं पाहून ती दोन-तीन उचलायची, आणि रोज तिला लाज वाटायची.

तिनं दातांनी पुडी फाडली. "काकू, मान धरा. थोडी थोडी द्यायची, ठसका लागू द्यायचा न्हाई."

पहिली पुडी निम्मी गवतात सांडली. शेठजी तोंड उघडेनात, हात झटकत होते. प्रेमबाईंनी त्यांच्या गालावर चापट मारली, लहान पोराला मारतात तशी. "तोंड उघडा! उघडा म्हणते ना!" साधनानं ओल्या बोटावर साखर घेऊन त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला चोळली. दुसरी पुडी. तिसरी. काही फरक नाही. चौथी. प्रेमबाईंचा श्वास हुंदक्यासारखा येत होता. साधनाचं बोट ते चावले तेव्हा तिला बरंच वाटलं. चावण्याइतकं बळ आहे म्हणजे.

मग हळूहळू डोळे फिरले. ते एका जागी आले. त्यांनी साधनाचा चेहरा ओळखला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"तुम्ही इथं कशा?"

प्रेमबाई रडायला लागल्या.

बाकीच्या पुड्या त्यांनी स्वतःच्या हातानं खाल्ल्या, मुकाट. पण साखर किती वेळ पुरणार? उठून चालायला हवं होतं आणि कुठं चालायचं ते कळत नव्हतं. वर चढून खडकापर्यंत जाणं शेठजींना जमणार नव्हतं. तेवढ्यात खालून घंटांचा आवाज आला. मेंढरांच्या गळ्यातल्या.

"मेंढरं आहेत म्हणजे माणूस असल," साधना म्हणाली.

शेठजींना मध्ये घेऊन दोघी आवाजाच्या रोखानं उतरल्या. उतार मऊ झाला, सपाटी आली. घंटा जवळ ऐकू यायला लागल्या आणि धुक्यातून एकाएकी कुत्री आली.

आपल्याकडच्या धनगरांची कुत्री साधनानं पाहिलेली होती. ही तशी नव्हती. वासराएवढी, दाट केसांची, कान कापलेली. तीन होती, भुंकत सरळ अंगावर आली. साधनानं आयुष्यभर केलं तेच केलं. खाली वाकून दगड उचलला. गावात माणूस नुसता वाकला तरी कुत्रं पळतं. इथं उलटं झालं. पुढचं कुत्रं आणखी चवताळलं, त्यानं तिच्या ओढणीचं टोक जबड्यात धरलं आणि ओढलं. ती गुडघ्यावर आली.

"दगड टाक!" प्रेमबाई ओरडल्या. "टाक दगड! बैठो! सगळे खाली बसा!"

शेठजींचे पाय तसेही गेलेच होते, ते मटकन बसले. प्रेमबाई बसल्या. साधनानं दगड सोडून दिला, ओढणी सोडून दिली आणि हात पोटाशी घेऊन खाली बसली.  कुत्री त्यांच्याभोवती फिरायला लागली. भुंकणं चालूच, पण पुढं येईनात. एकाचा गरम श्वास तिच्या मानेला लागला. तिनं डोळे मिटले. "पळू नकोस," प्रेमबाई हळू आवाजात म्हणत होत्या, तिला की स्वतःला कोण जाणे. "पळू नकोस, काही करत नाहीत, बघू दे त्यांना."

शीळ आली. कुत्री जागच्या जागी गप्प झाली.

मेंढपाळ वयस्कर होता. पायात रबरी बूट, अंगावर प्लास्टिकचा कोट. थंडीच्या आधी तो कळप घेऊन खाली चालला होता. तो काही तरी म्हणाला, साधना काही तरी म्हणाली, कोणाला काही कळलं नाही. मग त्यानं शेठजींचा चेहरा पाहिला आणि बोलणं थांबवलं. ताडपत्रीच्या पालात नेऊन त्यांना पाव दिला, चीज दिलं, किटलीतला गरम चहा दिला. शेठजींनी पाव तोडून तोडून खाल्ला. साधना एका घोटात चहा प्यायली.

प्रेमबाईंनी पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. सूर्य मावळल्यावर त्या पाणीही घेत नाहीत, माहेरच्या शिरस्त्याप्रमाणं. त्यांनी बाहेर पाहिलं. सगळीकडं राखाडी.

"साधना, सूर्य असेल का गं अजून?"

त्यांचे ओठ सुकून फाटले होते. साधनानं वेळ पाहायला मोबाईल काढला नाही. "हाय, काकू. धुक्याच्या मागं हाय. पिऊन घ्या."

"तुला दिसतो आहे?"

साधनाला खोटं बोलता आलं नाही. "न्हाई."

"मग राहू दे," असं म्हणून त्यांनी पेला हळूच खाली ठेवला.

मेंढपाळानं शेठजींना आपल्या घोड्यावर बसवलं आणि लगाम धरून पुढं चालू लागला. मागं दोघी, एकमेकींचा हात धरून. गाड्यांच्या रस्त्याला लागेपर्यंत अंधार पडला होता. जीपचे दिवे दिसले, राजानंद धावत आला. शेठजींनी घोड्यावरून उतरून मेंढपाळाला नमस्कार केला. साधनाला ते काही म्हणाले नाहीत. उरलेल्या सहलीतही नाही.

जालन्यात तारीख हिवाळ्यात लागली.

त्या आधीचे महिने साधनाला जड गेले. तिनं भागवतलासुद्धा सांगितलं नव्हतं. वकिलाला सांगावं का? शुद्ध हरपलेल्या माणसाचं बोलणं साक्षीत धरतील का, हा एक प्रश्न, आणि ते आपण सांगावं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वकील देऊ शकला असता. दुसरं तिचं तिलाच द्यायचं होतं. कचरू दर आठ-पंधरा दिवसांनी दुकानावर यायचा, विचारायचा, "वहिनी, आपलं खरं ठरल ना?" ती म्हणायची, "बघू." त्याच्या डोळ्यांत पाहायला तिला नको वाटायचं. जे त्याला हवं होतं ते तिच्याजवळ होतं, आणि ती ते देत नव्हती.

आयोगाच्या दालनात ती बाकावर बसली. आपल्याला विचारलं तर? शपथेवर विचारलं, शिलाईबद्दल आणखी काही माहीत आहे का, तर? प्रेमबाईंना पालात जे खोटं सांगता आलं नाही ते इथं कसं सांगणार?

तिचा नंबर यायच्या आधी शेठजी उभे राहिले. त्यांच्या वकिलानं त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांनी तो बाजूला केला.

"साहेब, मला बोलायचं आहे. त्या वर्षी माल आला तेव्हा पाऊस होता. ट्रकवरची वरची थप्पी भिजली होती, काही पोती फाटली होती. मी ती वाळवून घेतली, नव्यानं शिवून घेतली आणि पुढं पाठवली. बी खराब झालं असल असं मला तेव्हा वाटलं न्हाई. वाटायला पायजे होतं. ह्या बाईंनी शिलाईचं जे सांगितलं ते बराबर आहे. त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं."

वकिलानं डोक्याला हात लावला. मागच्या बाकावर कचरू उभाच राहिला. शिपायानं त्याला बसवलं. साधनाला वाटलं आपल्याला आनंद व्हायला हवा. झालं ते एवढंच, की ती किती तरी वेळानं नीट श्वास घेऊ लागली.

बाहेर व्हरांड्यात शेठजी तिच्याजवळ येऊन थांबले. ते बारीक झाले होते.

"मी केलं ते तुम्ही डोंगरावर परत आल्या म्हणून केलं, असं समजू नका."

"न्हाई समजत."

"प्रेमा घरी बोलत नव्हती माझ्याशी. जॉर्जियाहून आल्यापासून. काय झालं विचारलं तर म्हणे, काही न्हाई." ते एक पाऊल जवळ आले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला एक सांगा. त्या दिवशी मी बेशुद्धीत काही बोललो होतो का?"

साधनानं त्यांच्याकडं पाहिलं. खरं सांगितलं असतं तर त्यांना आपली बायको इतके महिने काय उराशी धरून बसली ते कळलं असतं. आणि आज आयोगापुढं आपण स्वतःहून जे बोललो, ते दोन बायकांना आधीच ठाऊक होतं, हेही कळलं असतं.

"नमनला हाक मारत होते," ती म्हणाली. "बाकी काही लागलं न्हाई. वारा होता."

"प्रेमा पण हेच सांगते."

 त्यांना ते पटलं की नाही, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग त्यांनी भागवतच्या पाठीची चौकशी केली, जालन्यात एका चांगल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, आणि पायऱ्या उतरून गेले.

निकाल अजून यायचा आहे. पण त्या दिवसापासून कचरू दुकानात आला की साधना त्याच्या डोळ्यांत पाहून बोलते. प्रेमबाईंचा अधूनमधून फोन येतो. उन्हाळ्याच्या आत कुठंतरी चढून येऊ म्हणतात, दिवस उजाडताच निघायचं आणि ऊन आहे तोवर खाली यायचं. साधना अजून हो म्हणालेली नाही. बूट मात्र तिनं धुऊन वाळवून ठेवले आहेत.